गुडघ्याच्या निमित्तानं

उज्जैनमध्ये उगाच आंघोळ कोणी करत नाही. न्हाणीघरातली बादलीची आंघोळ सोडा, ती ऑफिसला जायचं म्हणून केलेली असते. पण पाण्यात उतरून, गळ्यापर्यंत बुडून जी करायची, तिला कारण लागतं, आणि कारणांच्या बाबतीत आमचं गाव फार समृद्ध आहे.

अमावास्या शनिवारी आली की त्रिवेणी घाटावर गर्दी लोटते. क्षिप्रेत डुबकी मारायची आणि अंगावरचे कपडे, पायातल्या चपला तिथंच सोडून निघायचं. त्यांच्याबरोबर पनवतीही मागे राहते. मग त्या कपड्या-चपलांच्या ढिगाचा प्रशासन लिलाव करतं. इतक्या लोकांची पनवती पैसे मोजून घरी नेणारा तो शूर माणूस कोण, हे मला अजून कळलेलं नाही. भूतडी अमावास्येला कालियादेहच्या बावन्न कुंडांवर मेळा भरतो. तिथं ज्यांच्या अंगात भूत आहे अशांना बुडवतात. सांदीपनी आश्रमातलं गोमती कुंड तर गुरुजींची दगदग वाचावी म्हणून झालेलं. त्यांनी तीर्थोतीर्थी हिंडू नये म्हणून श्रीकृष्णानं सगळी तीर्थं तिथंच आणली, अशी कथा आहे. आणि बारा वर्षांनी सिंहस्थ. 2016 चा झाला, आता 2028 च्या नावानं आत्तापासूनच रस्ते खोदून ठेवलेत.

नदीत पाणी असो नसो, कारण कायम असतं. क्षिप्रेचं पाणी पुरत नाही म्हणून 2014 पासून नर्मदेचं पाणी पाइपातून आणून तिच्यात सोडतात. 2019 च्या जानेवारीत शनिश्चरी अमावास्येला ते वेळेवर पोहोचलं नाही आणि भाविकांना चिखलात स्नान उरकावं लागलं. त्यापायी जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्त दोघांच्या बदल्या झाल्या. युरोपात अंगाला असा चिखल फासायचे पैसे घेतात आणि फासणाऱ्याला बक्षिशी देतात. फरक एवढाच की तिथले लोक सुखासाठी चिखलात गेलेले असतात आणि आमचे पुण्यासाठी. पुण्यात भेसळ चालत नाही.

खुद्द महाकालाची आंघोळही नियमात बसवलेली आहे. मामला सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हापासून, म्हणजे 2017 पासून, भक्तांनी घालायचं पाणी आर.ओ.चं आणि माणशी अर्धा लिटर. मात्र एक सवलत देवाला आहे. नरक चतुर्दशीला त्याला उटणं लागतं आणि त्या दिवसापासून होळीच्या पौर्णिमेपर्यंत गरम पाण्यानं स्नान घालतात. थंडी आहे, बाकी काही नाही. हा एक दाखला आमच्या सासूबाईंनी पुढं फार कौशल्यानं वापरला. त्याकडे येतेच.

आमच्या पंचक्रोशीत निव्वळ सुखासाठी पाण्यात पडून राहिलेला माणूस इतिहासाला एकच माहीत आहे, आणि त्याचं काय झालं ते पाहिलं की कारणाशिवाय पाण्यात न उतरण्याचं शहाणपण पटतं. मांडूचा सुलतान नासिरुद्दीन खिलजी. 1500 साली गादीवर बसला. बापाला विष घालून बसला अशी त्याची ख्याती. कालियादेहला क्षिप्रेचं पाणी कुंडाकुंडांतून खेळवलेलं, आणि सुलतान त्या पाण्यात. जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत त्याची हकिकत लिहून ठेवली आहे. एकदा सुलतान नशेत खोल कुंडात पडला, तेव्हा सेवकांनी केसांना धरून बाहेर ओढला. शुद्धीवर आल्यावर आपल्या केसांना हात लावला म्हणून सुलतानानं त्या सेवकांचे हात तोडायचा हुकूम दिला. पुढच्या वेळी तो असाच पाण्यात पडला, तेव्हा काठावरच्या सगळ्यांनी हात आपापल्यापाशी ठेवले. सुलतान बुडाला. जहांगीर 1617 मध्ये मांडूला आला, तेव्हा त्या बापाच्या खुन्याच्या अस्थी उकरून त्यानं नर्मदेत फेकायला लावल्या. म्हणजे मेल्यावर शंभर वर्षांनीही त्याला पाण्यातच जावं लागलं.

गंमत अशी की सबब त्या सुलतानालाही होती. त्याच्या अंगात उष्णता फार, म्हणून तो पाण्यात राहायचा, असं लोक सांगत. जे सुलतानाला चुकलं नाही ते आम्हाला काय चुकणार? आम्ही तर मराठी, त्यातून मध्यमवर्गीय, त्यातून उज्जैनचे. आमच्या घरात सुख दारावरची बेल वाजवून आलं तरी आम्ही आधी विचारतो, "काय काम काढलंत?"

तर गरम पाण्याच्या झऱ्यांवर सहकुटुंब जायचं ठरलं ते सासूबाईंच्या गुडघ्यामुळं.

फ्रीगंजातल्या हाडांच्या डॉक्टरांनी सासूबाईंना सांगितलं होतं की गुडघ्याला गरम पाण्याचा शेक द्या. त्यांच्या डोळ्यांपुढं औषधाच्या दुकानात मिळणारी लाल रबरी पिशवी असावी. पण हे वाक्य वसईला माझ्या नणंदेपर्यंत फोनवरून पोहोचेस्तोवर त्याचं रूप बदललं. "अगं आई, मग वज्रेश्वरीला ये की! आमच्यापासून जवळ आहे. कुंडात बसलीस की गुडघा तुझा राहणार नाही." न राहून तो कोणाचा होणार हे विचारायचं राहून गेलं. सासूबाईंनी तरी लगेच हो म्हटलं नाही. लगेच हो म्हणणं म्हणजे जायची इच्छा आहे असं कबूल करणं. त्या म्हणाल्या, "एवढ्या लांब आंघोळीला जायचं म्हणजे लोक हसतील." मग दोन दिवस विचार करून त्यांनीच निकाल दिला: "महाकालालासुद्धा थंडीत गरम पाणी लागतंच ना!" देवाचा गुडघा मध्ये आल्यावर वाद मिटला.

सासूबाईंची सबब पक्की झाल्यावर घरातल्या प्रत्येकाला आपापली शोधणं भाग पडलं. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, म्हणाले, "मी काही आंघोळीबिंघोळीला येत नाही. चिमाजी आप्पांनी बांधलेलं देऊळ बघायचंय, म्हणून येतो." नवऱ्याला सुट्टी अजिबात नव्हती, पण आईला नेणार कोण? तेव्हा नाइलाज म्हणून त्यानं चार दिवसांचा अर्ज टाकला आणि नाइलाजानंच नवी हाफपँट आणली. मुलगा अकरावीत. त्याला भूगोलाचा प्रकल्प करायचा होता. हा प्रकल्प शाळेनं दिला होता की यानं शाळेला दिला होता, ते मी खोदून विचारलं नाही, कारण माझीही सबब फार खोदण्यासारखी नव्हती. मी म्हटलं, देवीची ओटी भरायची राहिली आहे. कुठल्या देवीची आणि कधीपासूनची, हे कोणी विचारलं नाही. ओटी भरण्यावर प्रश्न विचारत नाहीत, हे मला सासरी लवकर कळलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक.

मग प्रश्न आला कपड्यांचा. कुंडात बुडायचे कपडे जुने हवेत, कारण पाण्याचा डाग बसतो अशी वदंता. पण लोक बघतील तेव्हा फार जुनेही नकोत. जाड हवेत, कारण ओले होणार. पण लवकर वाळायलाही हवेत. सासूबाईंनी कपाटातून अशा साड्या काढल्या की ज्या पस्तीस वर्षं कुठल्याच प्रसंगाला बसल्या नव्हत्या, आणि म्हणाल्या, "म्हणून मी काही टाकत नाही." शेवटी गाऊनवर एकमत झालं. त्यावर ओढणी घ्यायची की पंचा, यावर नणंदेशी व्हिडिओ कॉल झाला.

अवंतिका एक्सप्रेस उज्जैनहून संध्याकाळी सुटते आणि पहाटे बोरिवलीला पोहोचवते. नागदा यायच्या आत पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि रतलामी सेव उघडली गेली. रतलाम अजून यायचं होतं, पण सेव घरूनच नेलेली बरी. अण्णांनी समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांना गाठून राणोजी शिंदे सुरू केले. उज्जैनातल्या कुठल्याही मराठी घराचा मूळपुरुष राणोजीरावांबरोबर आलेला असतो. त्या फौजेत लढणारे किती, हिशेब लिहिणारे किती आणि नुसते जेवायला बरोबर आलेले किती, याची मोजदाद कोणी केलेली नाही. त्यामुळं सगळे घोड्यावरच बसतात.

"राणोजीरावांनी उज्जैन राजधानी केली," अण्णा सांगत होते. "त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा, त्यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभारलं. आणि हेच राणोजीराव तिकडे वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांबरोबर! होळकरसुद्धा!"

समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "तो आप लोग उसी के लिए जा रहे हैं?"

"नहीं नहीं," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "घुटने के लिए."

अठराव्या शतकात आमचे पूर्वज कोकणपट्टीतली मोहीम आटोपून माळव्यात मुलूख सांभाळायला गेले, आणि त्यांचे वंशज कमरेला पट्टा, गुडघ्याला कॅप आणि पाठीला हवेची उशी लावून पुन्हा त्याच वाटेनं खाली उतरत होते. इतिहासाची पुनरावृत्ती होते म्हणतात, ती बहुधा लोअर बर्थच्या कोट्यातून होत असावी.

वसईहून गाडीनं महामार्गाला लागायचं, शिरसाड फाट्याला वळायचं आणि मग डोंगर, शेतं, फार्महाऊसच्या पाट्या असं करत वज्रेश्वरी. देऊळ बुरुजांच्या तटात बसवलेलं, लांबून किल्लाच वाटतो. वसई काही केल्या हाती येईना, तेव्हा चिमाजी आप्पांनी देवीला नवस बोलला की किल्ला मिळाला तर देऊळ बांधीन. 1739 च्या मे महिन्यात वसई पडली आणि देऊळ उभं राहिलं. अण्णांनी हे सगळं पायथ्याशी उभं राहून सांगितलं. त्याचं खरं कारण समोर दिसत होतं: चढायला बावन्न पायऱ्या.

ज्या गुडघ्याच्या इलाजासाठी आपण आलो आहोत, तोच आधी बावन्न पायऱ्या चढवायचा, ही व्यवस्था कोणाच्या डोक्यातून निघाली असेल! पण सासूबाईंनी तक्रार केली नाही. घरचा जिना चढताना ज्या प्रत्येक पायरीला "अगं आई गं" म्हणतात, त्या इथं प्रत्येक पायरीला "जय माते" म्हणत होत्या. आवाज तोच, शब्द तेवढे वेगळे. मधल्या एका पायरीवर कासव कोरलेलं आहे, ते विष्णूचा अवतार म्हणून पुजतात. सासूबाई त्याच्यापाशी बराच वेळ थांबल्या. भक्तिभाव होताच, शिवाय तिथं टेकायलाही जागा होती. वर पोहोचल्यावर अण्णा म्हणाले, "आपल्याकडे कुंडं बावन्न, इथं पायऱ्या बावन्न." या योगायोगातून काहीतरी निघेल म्हणून आम्ही थांबलो. काही निघालं नाही. मी ओटी भरली. माझ्यापुरती सबब फिटली आणि मी मोकळी झाले.

झरे गावभर विखुरलेले आहेत. अकलोलीला आणि गणेशपुरीला तानसा नदीच्या काठानं एकामागून एक कुंडं लागतात. हीच तानसा वरच्या अंगाला धरणात अडवलेली आहे. त्या तलावाचं पाणी 1892 पासून मुंबई पिते. गणेशपुरीला 1936 च्या सुमारास नित्यानंद महाराज येऊन राहिले आणि आडबाजूचं खेडं देशोदेशीच्या भक्तांचं गाव झालं. कुंडांची नावं सूर्य, चंद्र, अग्नी, वायू, राम, सीता, लक्ष्मण अशी. कुठलं जास्त गरम हे नावावरून ओळखायला जाऊ नये. चंद्रानंही चांगला चटका दिल्याचं लोक सांगतात.

बायकांच्या बाजूला आम्ही गेलो. दगडी बांधीव हौद, काठाला पाण्यानं गुळगुळीत झालेल्या पायऱ्या, वर विरळ वाफ, आणि एक वास. सगळे त्याला गंधक म्हणतात, म्हणून आम्हीही म्हटलं. पाण्यात उतरण्याची क्रिया पाहण्यासारखी असते. आधी अंगठा बुडवायचा आणि लगेच काढायचा. मग शेजारणीकडे बघून म्हणायचं, "फार आहे हो!" शेजारीण गळ्यापर्यंत बुडालेली असते, ती म्हणते, "काही नाही, बसा." मग ओंजळीनं पावलावर, पोटरीवर, गुडघ्यावर पाणी मारायचं. मग एक पायरी उतरून बसायचं आणि इथपर्यंत पुरे असं जाहीर करायचं. सासूबाई याच पायरीवर अडकल्या. एका बाजूला गुडघा, दुसऱ्या बाजूला भीती, आणि गाऊन फुगून वर येतोय, तो एका हातानं दाबून धरलेला. तेव्हा भिवंडीकडच्या एका मावशींनी हुकूम सोडला, "आजी, हळूहळू गेलात तर जास्त भाजंल. एकदम बसा!" आणि सासूबाई, ज्यांनी आयुष्यात कोणाचं एका हाकेत ऐकलेलं नाही, त्या एकदम बसल्या.

त्यांचा चेहरा मी जवळून पाहिला. आधी भुवया वर गेल्या, मग तोंड उघडलं, पण त्यातून शब्द आला नाही. ओठ हळूच मिटले. कपाळावरची, कायम काहीतरी राहून गेल्यासारखी असणारी ती आडवी आठी सैल झाली. हनुवटीशी पाणी टेकलं होतं, नाकावर घामाचे मणी आले होते, कुंकू ओघळून भुवईपर्यंत उतरलं होतं आणि ते पुसायला त्यांनी हात वर काढला नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "अगं..." आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. सासूबाईंनी अर्धवट सोडलेलं हे मी ऐकलेलं पहिलं वाक्य.

पण आमच्याकडे शांतता फार टिकत नाही. सगळ्यांची अंगं पाण्याला सरावली आणि मग तो प्रश्न आला जो कुंडात नव्या आलेल्या प्रत्येकीला विचारतात: "तुम्हाला काय होतंय?"

दवाखान्याबाहेरच्या बाकावर असतात तशा साऱ्या जणी पाळीपाळीनं सांगू लागल्या. एकीची कंबर, एकीचा खांदा, एकीच्या टाचा. एकीला खाज, ती ज्या कोपऱ्यात होती तिथून बाकीच्या हळूच सरकल्या. सासूबाईंनी गुडघा सविस्तर सांगितला, एक्स-रेसकट. मी मान पुढं केली. संगणकावर काम करणाऱ्यांना मान कायम उपलब्ध असते. शेवटी पाळी आली नव्यानं लग्न झालेल्या एका मुलीवर. हातात हिरवा चुडा, एकटीच हसत बसलेली.

"आणि तुला गं?"

"मला? काही नाही."

"काही नाही? मग?"

"असंच. मजा येते म्हणून."

कुंडात एकदम सामसूम झाली. पाण्याची धार पडत होती तेवढाच आवाज. इतक्या दुखण्यांच्या मधोमध ही पोरगी मजा म्हणून बसली आहे, हे कुठं ठेवावं कोणाला कळेना. मग भिवंडीच्या मावशींनीच बाजू सावरली. "अगं, चांगलं असतं. या पाण्यानं कूस लवकर उजवते." सगळ्यांचा जीव खाली पडला. पोरीला न विचारता तिला दुखणं नाही तर निदान उद्दिष्ट मिळालं होतं, आणि कुंड पुन्हा आपल्या कामाला लागलं.

बाहेर येऊन पाहतो तर नवरा घाबराघुबरा. अण्णा निघत नव्हते. "पाय ओले करतो" म्हणून उतरलेले अण्णा कठड्याला मान टेकून, डोळे मिटून पडले होते आणि हाकेला नुसते "हं" म्हणत होते. नवरा म्हणाला, "चक्कर आली तर?" शंका बरोबरच होती. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब खाली येतो, आणि माणूस एकदम उभा राहिला की भोवंडतो. दहा-पंधरा मिनिटांच्या वर एका बैठकीत बसू नये, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यानं तर नाहीच. मला कालियादेहचा सुलतान आठवला. इथं केसांना धरून ओढण्याचा प्रश्नच नव्हता, कारण अण्णांना केस नाहीत. शेवटी मुलानं काठावरून हाक मारली, "आजोबा, देऊळ बंद होईल, बघायचंय ना?" देऊळ सकाळीच बघून झालं होतं. पण आपण इथं कशासाठी आलो आहोत हे अण्णांना आठवलं आणि ते अपराधी चेहऱ्यानं बाहेर आले.

पोह्यांच्या टपरीवर मुलानं आपला प्रकल्प मांडला. पाणी गरम का, यावर सासूबाईंचं उत्तर तयार होतं: देवीनं राक्षस मारले, त्यांच्या रक्ताचे हे झरे. मुलगा म्हणाला, "आजी, राक्षस नाही आणि ज्वालामुखीसुद्धा नाही. इथला लाव्हा सहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला. हे पावसाचंच पाणी आहे. जमिनीतल्या भेगांतून खोल खाली जातं. दर किलोमीटरला तापमान साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढतं. तिथं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. सह्याद्रीला समांतर अशी पालघरपासून राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची रांगच आहे. पालीजवळ उन्हेरे, महाडजवळ सव, संगमेश्वराकडे तुरळ, राजवाडी."

सासूबाईंनी विचार केला. "म्हणजे हा पाऊस या वर्षीचा नव्हे?"

"छे! खाली जाऊन वर यायला फार वर्षं लागतात. तुझ्या लग्नाच्या आधीचा असेल."

"मग मुरलेला आहे," सासूबाई समाधानानं म्हणाल्या. लोणच्याला जो न्याय तोच पावसाला. विज्ञान आणि पुराण दोन्ही त्यांच्या गुडघ्याच्या बाजूचं निघालं.

अण्णांचं लक्ष पोह्यांत होतं. "यात सेव कुठं आहे? जीरावण?" टपरीवाल्यानं खोबरं-कोथिंबिरीकडे बोट दाखवलं. उज्जैनच्या माणसाला जीरावण न भुरभुरलेले पोहे देणं म्हणजे त्याला आपण परदेशात आहोत याची जाणीव करून देणं. सासूबाईंनी पर्समधून सेवेची पुडी काढली. ती आणायला कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी नणंदेच्या घरी तिच्या मुलीनं आइसलँडच्या ब्लू लगूनचे फोटो दाखवले. ती कंपनीच्या कामानं तिकडे गेली होती. निळसर दुधी पाणी, काळे दगड, तोंडाला पांढरी माती फासलेली माणसं, हातात पेले. अण्णांनी विचारलं, "यांना काय होतंय?"

"काही नाही, आजोबा. पैसे देऊन आलेत." आणि मग तिनं सांगितलं की ते कुंड मुळात निसर्गाचं नव्हेच. 1976 साली तिथं भूगर्भातल्या उष्णतेवर चालणारं वीजकेंद्र सुरू झालं. त्याचं वापरून सोडलेलं पाणी लाव्हाच्या खडकांत साचत गेलं, तेच हे. पहिल्यांदा त्यात उतरला तो 1981 च्या सुमारास त्वचारोगानं हैराण झालेला एक रुग्ण. म्हणजे सबब तिथंही होती! हंगेरीत तर अजूनही डॉक्टर गरम पाण्याची चिठ्ठी लिहून देतात आणि विम्यातून सवलत मिळते. बुडापेस्टच्या सेचेनी हौदात, जो 1913 पासून चालू आहे, म्हातारे छातीभर पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळतात. कारणाला सांधे, खेळायला घोडा-उंट. जपानात ओन्सेनच्या दारात पाटी असते की या पाण्यात कुठली द्रव्यं आहेत आणि ते कुठल्या दुखण्याला चालतं. आत शिरण्याआधी बाहेर साबण लावून स्वच्छ आंघोळ करावी लागते.

"आंघोळ करून आंघोळीला जायचं," सासूबाई म्हणाल्या, "सोवळ्यातली माणसं दिसतात."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपण उगाच स्वतःला दोष देत होतो. जगात कुठंच कोणी नुसतं सुख घेत नाही. माणसाला गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसवायचं तर एकतर दुखणं लागतं, नाहीतर पावती. ब्लू लगूननं दुखणं सोडलं आणि तिकीट लावलं; पैसे भरले की का आलात हे कोणी विचारत नाही. आमच्याकडे कुंड स्वस्त आहे, तेव्हा किंमत गुडघ्यानं मोजावी लागते, इतकंच.

उज्जैनला परतल्यावर क्षीरसागराकडे राहणाऱ्या आत्यासासूबाईंपासून ते दूधवाल्या भियापर्यंत सगळ्यांनी विचारलं, फरक पडला का? इथं सासूबाईंची खरी कसोटी होती. पडला नाही म्हणावं तर खर्च वाया गेला. पूर्ण बरा झाला म्हणावं तर पुन्हा जायचं कशासाठी? त्यांनी दोन दिवस प्रकृतीचा अंदाज घेतला आणि मग ठरावीक उत्तर तयार केलं: "पडला. पण तीन वर्षं लागोपाठ जावं लागतं, असं तिथल्या बाई म्हणाल्या." मी कुंडात त्यांच्या शेजारीच बसले होते. असं कुठलीही बाई म्हणाली नव्हती.

पण घरात कोणी प्रतिवाद केला नाही. अण्णांनी एवढंच सांगितलं की देऊळ पाहिलं, पण वसईचा किल्ला राहिला, आणि किल्ला पाहिल्याशिवाय देवळाला अर्थ नाही. मुलाच्या प्रकल्पाला दुसरा भाग असल्याचं उघड झालं. नवऱ्याला सामान उचलून पाठीत उसण भरली आहे. ती अजून गेलेली नाही, आणि माझ्या अंदाजानं पुढच्या थंडीपर्यंत जाणारही नाही.

राहता राहिले मी. ओटी तर भरून झाली. परवा देवापुढून उठताना मी सहज गुडघ्यावर हात ठेवला आणि "आई गं" म्हटलं. सासूबाई आतल्या खोलीत होत्या, पण अशा गोष्टी त्यांना भिंतीतून ऐकू येतात. तिथूनच म्हणाल्या, "तू आत्तापासून नको सुरू करूस. अजून माझाच चालू आहे."